अमेरिका, नीट धुऊन आणि चपटी करून

सन दोन हजार चोवीस, नोव्हेंबर सरत आलेला, पानगळीचा मोसम. तोक्योच्या एदोगावा भागात माझ्या मुलाच्या इमारतीखाली गिंकोची झाडं आहेत, ती पिवळीधमक झाली होती. त्या पिवळ्या पानांत उभं राहून मी जी माती खाल्ली तिला तोड नाही. चहा घ्या, सांगतो. मध्ये हसायचं नाही. मला चालत नाही.

मी सातवीपर्यंत शिकलो. बस डेपोत फिटर होतो. मुलगा संदीप इथे बँकेत आहे, सून मंजिरीही नोकरी करते. नात इरा सहावीत, इंटरनॅशनल शाळेत. मी मराठीत विचारतो, ती अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत उत्तर देते. राग आला की जपानीत.

आता जपानातला कचरा. तुम्हाला वाटेल, कचरा तो कचरा! नाही हो. इथे ते सोवळ्यातलं काम आहे. बाटलीचं झाकण वेगळं, तिच्या अंगावरचा कागद वेगळा. बाटली विसळायची, मग चेपायची. दुधाचा खोका कापायचा, धुवायचा, वाळवायचा, चपटा करायचा, सुतळीनं बांधायचा. आल्या आल्या मी एक बाटली झाकणासकट टाकली. तर तळमजल्यावरच्या साइतोबाई पिशवी घेऊन दारात हजर! कमरेत वाकून नमस्कार केला आणि माझा कचरा माझ्या हातात परत दिला.

परक्या बाईनं आपला कचरा आपल्या हाती द्यावा? काय अब्रू राहिली?

त्या दिवसापासून घरातलं कचऱ्याचं खातं मी घेतलं. कुणाला हात लावू दिला नाही.

तर त्या शनिवारी शिगेनचा दिवस होता. शिगेन म्हणजे जो कचरा पुन्हा वापरतात तो. मी पहाटे उठलो. दाराशी, जिथे आम्ही नेहमी कचरा ठेवतो तिथेच, एक भलं मोठं खोकं. आत बघतो तर काय! टोमॅटोचे रिकामे डबे, त्यांवर कापूस चिकटवलेला. दुधाच्या खोक्यांना काड्या टोचलेल्या. बाटलीत अर्धा चहा तसाच. पुठ्ठ्याची नळकांडी, काही निळी, काही करडी, आणि पुठ्ठ्याचीच माणसं. सगळा डिंक, सगळा रंग.

माझं डोकं फिरलं. ही काय कचरा ठेवायची रीत झाली?

बसलो मांडी घालून. कापूस सोलला, डबे विसळले. काड्या उपटल्या, खोके कापून चपटे केले. चहा मोरीत ओतला, बाटली चेपली. नळकांडी दाबली, पुठ्ठ्याची माणसं एकावर एक रचून सुतळीनं करकचून बांधली. सगळं खाली नेऊन, कचऱ्यावर कावळे बसू नयेत म्हणून असते त्या जाळीखाली लावलं. साइतोबाई तिथे झाडत होत्या. त्यांनी माझा गठ्ठा पाहिला आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. मीही जरा वाकलो. छाती मात्र वाकली नाही.

वर येऊन चहा टाकला. तेवढ्यात इरा उठली.

"आजोबा, व्हेअर इज माय अमेरिका?"

"कुठली अमेरिका?"

"माय अमेरिका! दारात होती!"

"दारात कचरा होता. अमेरिका मी पाहिली नाही."

मंजिरी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "बाबा, ते मोठं खोकं कुठे आहे?"

"टाकलं. नीट वेगवेगळं करून."

मग इरा जपानीत सुरू झाली. अर्थ कळला नाही, पण कळला.

संदीप म्हणाला, "बाबा, तो तिच्या शाळेचा प्रकल्प होता. अमेरिकेचा इतिहास, युगांप्रमाणे. महिनाभर करत होती. आज दहाला पालकांसमोर मांडायचा आहे."

"मग कचऱ्याच्या जागी का ठेवला?"

"निघताना विसरायला नको म्हणून!"

चप्पल घातली आणि धावलो. मागून इरा, तिच्या मागून नाइट पँटमध्ये संदीप.

इथे कागदाची गाडी वेगळी येते, डब्यांची वेगळी. कागदाची नुकतीच गेली होती. डबे आणि बाटल्या अजून होत्या. मी जाळी उचलून हात घातला, तर साइतोबाई झाडू आडवा करून समोर!

"काय म्हणतात?"

इरा रडत रडत म्हणाली, "ठेवलेला शिगेन काढायचा नाही. तो आता वॉर्डाचा. इट्स द रूल."

"त्यांना सांग, ही अमेरिका आहे."

इरानं सांगितलं. वाकून वाकून सांगितलं. साइतोबाईंनी पोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग आमच्याकडे पाठ केली आणि गिंकोची पानं मोजत असल्यासारख्या वर बघत उभ्या राहिल्या. आम्ही काय ते समजलो.

मी एकेक वस्तू काढून इराच्या हातात देत गेलो.

"हे काय होतं?"

"इंडस्ट्रियल एज. फॅक्टरीची चिमणी. धूर कुठे आहे, आजोबा?"

"धूर मी सोलला. ही बाटली?"

"रेव्होल्यूशन. इंग्रजांचा चहा त्यांनी समुद्रात फेकला."

"फेकला? चांगला चहा?"

"तुम्ही पण फेकलात!"

मी बाटली तिच्या हातात दिली.

युरोपातून आलेली जहाजं म्हणजे ते दुधाचे खोके. ती गेली. निळी-करडी नळकांडी म्हणजे त्यांच्यातलं यादवी युद्ध. दोन्ही सैन्यं एकाच गाडीतून गेली, न भांडता. साइतोबाई वळल्या, इराचं ऐकून घेतलं आणि हातातला झाडू माझ्या हातात दिला. आत जाऊन वर्तमानपत्रं घेऊन आल्या. बघता बघता जहाजांचं अख्खं आरमार घडी घालून उभं! मग सैन्य. फक्त प्रत्येक शिपायाच्या डोक्यावर सामुराईचं शिरस्त्राण होतं. इरा म्हणाली, "दाइजोबु." म्हणजे चालेल. मी तोवर झाडत होतो.

राहिली पुठ्ठ्याची माणसं.

"ते ग्रेट डिप्रेशन होतं," इरा म्हणाली. "आता वेळ नाही. आजोबा, यू ओ मी वन एरा."

"म्हणजे?"

संदीप म्हणाला, "एका युगाचं देणं लागता तुम्ही तिचं. महामंदी, बाबा. लोकांची कामं गेली, सुपासाठी रांगा लागल्या. त्या रांगेतली माणसं होती ती."

मी कुणाचं देणं ठेवत नाही. "काय करू सांग," म्हणालो.

इरानं मला नीट न्याहाळलं. "कोट घाला. टोपी घाला. आणि एक बाउल घ्या."

शाळेत टेबलांवर युगं मांडली. सामुराई एकमेकांवर धावून गेले, चिमण्यांना पुन्हा कापूस लागला. शेवटच्या दोन टेबलांमधल्या रिकाम्या जागेत मी उभा, हातात वाडगा.

"तोंड कसं करू?" मी विचारलं.

"काही करू नका. फक्त उभे राहा."

राहिलो. लोक येत, जहाजांपाशी हसत, सामुराईपाशी फोटो काढत आणि माझ्यापाशी येऊन एकदम गप्प होत. एका जपानी आजीनं तर वाडग्यात भाताचा लाडू ठेवला आणि हात जोडले. इराच्या अमेरिकन टीचरबाई बराच वेळ समोर उभ्या राहिल्या. डोळे पुसले. मग इराला काहीतरी विचारलं. इरानं उत्तर दिलं, आणि बाई तोंडावर हात ठेवून बाजूला झाल्या.

मी संदीपला विचारलं, "काय झालं?"

"काही नाही, बाबा."

"संदीप."

"बाई म्हणाल्या, चेहऱ्यावर एवढं दुःख! किती दिवस सराव केला आजोबांनी?"

"मग इरा काय म्हणाली?"

"म्हणाली, सराव नाही, मिस. आजोबा वाढदिवसाला पण असेच दिसतात."

इरा आली. वाडग्यातल्या भाताच्या लाडवाचे दोन भाग केले, एक मला दिला.

"फिटलं, आजोबा."