कल्हईच्या ढिगात हरवलेली बगुणी

"दरोगासाब, ह्यातलं माजं कोनतं, तेवढं दावा. बाकी माजं काय म्हननं न्हाई."

खानावळवाले शिवप्पा समोर उभे. आमच्या दोघांमध्ये पितळी बगुण्यांचा कमरेएवढा ढीग. सगळी सारखीच लखलखीत. मला त्यातलं एकही ओळखता येईना, आणि दुपारी माझे वरिष्ठ, मोहतमिम साहेब, तपासणीला यायचे होते.

निजामाच्या राज्यात मी परभणीच्या बलदियात, म्हणजे नगरपालिकेत, सफाईचा दरोगा होतो. नोकरी हंगामी. साहेबांच्या एका शेऱ्यावर घरी जायची तयारी ठेवावी लागे.

स्टेशन रस्त्यावर तेव्हा चार जेवणघरं होती. शिवप्पांची लिंगायत खानावळ, एक ब्राह्मणी, एक मारवाडी बासा आणि करीमभाईंचं हॉटेल. मानवतचा कापसाचा गाडीवान असो की पिंगळीहून कचेरीत खेटे घालणारा शेतकरी, ज्याला जे चालतं ते तिथे स्वस्तात पोटभर मिळे.

साहेबांचा हुकूम साधा होता. "कल्हई देखो. जिसकी उतरी, उसको ताला."

पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा थर देतात, ती कल्हई. ती उडाली की आंबट आमटी कळकते आणि खाणाऱ्याच्या पोटात कालवतं. कुणालाच कुलूप लागू नये म्हणून मी डोकं चालवलं. (हे मी अधूनमधून करत असे.) एरवी जो तो आपल्या सवडीने कल्हई करून घेई. मी कल्हईवाल्याला पिंपळाखाली बसवलं आणि चौघांचीही बगुणी एकाच सकाळी मागवली. वर हुशारी अशी की, ती बाहेरूनही चिंचेने आणि राखेने घासून घेतली. साहेबांच्या डोळ्यांत भरायला नकोत?

मालक आपलं बगुणं काजळीवरून ओळखतो, हे मला कोण सांगणार? ती ओळखच मी घासून टाकली होती. कल्हईवाला तर भट्टीतून निघेल तसं एकावर एक रचत गेला.

करीमभाई भले गृहस्थ. म्हणाले, "शिवप्पा, आप पहले उठाव. बचे सो मेरे."

"भाई, कोनतं उचलू, हाच तर सवाल हाय ना! तुमच्या मटनाचं माज्या चुलीवर गेलं तर?"

मी मध्ये पडलो. "शिवप्पा, सगळी भट्टीतून निघालीत. आता काय राहिलंय त्यात?"

"तुमच्या तपासनीत न्हाई राहिलं. माज्या गळ्यात लिंग हाय, दरोगासाब. आन् जेवनाऱ्यांच्याबी हाय. त्याइना काय सांगू, दरोगानं घासून दिलंय म्हनून?"

बाकी दोघांनी लांबूनच ढीग पाहिला आणि दारं लावून घेतली. बाजाराचा दिवस. अकराला ओट्यावर माणसं जमली, बाराला ती मला शिव्या द्यायला लागली. घरी बायकोला काय सांगायचं, ते मी मनात जुळवायला लागलो.

तेवढ्यात शिवप्पा कुंभारवाड्याकडून डोक्यावर कोरी मडकी घेऊन येताना दिसले. मडकी पाण्यात बुडवली, चूल पेटवली, पिठलं टाकलं. लोखंडी तवा घरचाच होता, त्यावर भाकऱ्या. मी ओट्यावर पाणी वाढत होतो. दुसरं काही मला सोपवायला कुणी तयार नव्हतं.

साहेब आले. बंद दारं पाहिली, ढीग पाहिला, मला पाहिलं.

"बर्तन देखने बोला था मियाँ, गुमाने नहीं."

मग ओट्यावर बसून त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. हात धुताना मडक्याकडे बोट दाखवून म्हणाले, "इसकी कल्हई?"

"मडक्याला लागत नाही, साहेब."

"शुकर है. नहीं तो ये भी आप घिस डालते."

कुलूप कुणालाच लागलं नाही. माझी नोकरी राहिली, पण हंगामीची कायम व्हायला आणखी दोन वर्षं गेली. ढीग करीमभाईंकडे गेला. बाकी तिघांनी नवी बगुणी घेतली आणि काठावर नावं कोरून घेतली. भुर्दंड माझ्यामुळे पडला, हे तिघांनीही मला भेटेल तिथे ऐकवलं.

पुढे नोकरीभर मी कल्हई नखाने ओरखडून पाहत आलो. ती तशी कळते. भांडं कुणाच्या चुलीवरचं, ते मात्र विचारावंच लागतं. आणि तेही घासायच्या आधी.