सौंसरच्या कॉम्प्युटरचा चार्ज

पंचाऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास सौंसरच्या आमच्या मुलींच्या शाळेत एक कॉम्प्युटर आला. मी भौतिकशास्त्र शिकवायची, म्हणून त्याचा चार्ज, म्हणजे जबाबदारी, माझ्या नावावर चढला. नवरा, सासूबाई आणि तीन वर्षांची मुलगी पांढुर्ण्याला होते. मी सौंसरला एका खोलीत राहायची आणि शनिवारच्या बसने घरी जायची. मुलगी मला ‘सौंसरची आई’ म्हणायची.

पहिल्याच उन्हाळ्यात कीबोर्डची काही अक्षरं उमटेनाशी झाली. मी झाकण उघडलं. कीबोर्डपासून आत जाणारी एक चपटी, रिबिनीसारखी केबल होती, वीसेक बारीक तारा शेजारी शेजारी चिकटवलेल्या. तिच्या टोकाच्या कनेक्टरला आतून बारीक दात असतात. ते तारेच्या आवरणात घुसून तांब्याला टेकतात. उन्हानं, धुळीनं ते ढिले झाले होते. मी केबलचं टोक बोटभर कापलं, लाल कडेची तार होती त्याच बाजूला ठेवली आणि प्रयोगशाळेतल्या शिकंज्याच्या लोखंडी पकडीत कनेक्टर हळूहळू दाबून बसवला. अक्षरं उमटली. प्राचार्यांनी सगळ्या स्टाफसमोर माझं कौतुक केलं. मलाही बरं वाटलं.

पुढच्या वर्षी माझी पांढुर्ण्याला बदली झाली. प्राचार्यांनी ऑर्डर वाचली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. त्यांनी सोडल्याशिवाय मला जाता येत नव्हतं.

“मॅडम, तुम्हाले रिलीव्ह केलं तर हे मशीन कोण पाहीन?”

“सर, घरी लहान मुलगी आहे.”

“मी कुठं नाही म्हणून राहिलो? थोडं थांबा.”

थांबण्यात पाच महिने गेले. मग मी एक गोष्ट केली, जी तेव्हा कोणालाच सांगितली नाही. एका दुपारी खोलीत कोणी नसताना झाकण उघडून तो कनेक्टर एका बाजूनं उचकटून ठेवला आणि प्राचार्यांना जाऊन सांगितलं, आता हे दुरुस्त होणार नाही. मशीनच बंद पडलं तर मला कशाला अडवतील, असा माझा हिशोब.

ते शांतपणे म्हणाले, “बिघडलेलं मशीन तुमच्या चार्जमध्ये आहे. चालू करून कोणाले तरी चार्ज द्या, मग जा.”

त्या दिवशी मी वर्गात शिकवू शकले नाही. मुलींना धडा वाचायला सांगून खिडकीशी उभी राहिले. आठवड्यानं मीच ते पुन्हा दुरुस्त केलं. पण चार्ज घ्यायला कोणी तयार होईना. माझं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

शेवटी शिवणाच्या बाई पुढे आल्या. चाळिशीच्या, एकट्या, कमी बोलणाऱ्या. “बाई, तुमची पोरगी लहान हाये. माझ्या नावावर करा,” एवढंच म्हणाल्या. दोन दिवसांत त्यांनी कनेक्टर बसवायला शिकून घेतलं. माझ्यापेक्षा त्यांचा हात सफाईदार होता. मी पांढुर्ण्याला आले. मुलगी महिनाभर मला शनिवारचीच पाहुणी समजत होती.

दीड-दोन वर्षांनी शिवणाच्या बाई मला पांढुर्ण्याच्या बस स्टँडवर भेटल्या. रामाकोन्याला, त्यांच्या गावी, म्हातारी आई अंथरुणाला खिळली होती, म्हणून त्यांनी तिकडची बदली मागितली होती. ऑर्डर आलीही होती.

“मग?”

“सर म्हणतात, थोडं थांबा.” त्या पिशवी सावरत होत्या. “केबल कापून कापून लय आखूड झाली, बाई. झाकणच बसून नाही राहिलं. नागपूरला नवी भेटते का?”

मी रविवारी नागपूरला गेले. चार दुकानं पालथी घातल्यावर केबल मिळाली. ती घेऊन मी स्वतः सौंसरला गेले आणि त्यांच्याजवळ बसून कनेक्टर मी कसा उचकटला होता तेही सांगितलं. त्यांनी केबलची घडी उलगडली. मग म्हणाल्या, “मीही एकदा तसंच करून पाहिलं.”

प्राचार्यांनी त्यांना सोडलं ते त्यांची आई गेल्यानंतर. तेव्हा त्यांनी ती बदली नको म्हणून लिहून दिलं.