बसमधली फळी

अर्धांगाच्या झटक्यानंतर आमचे हे दवाखान्याखेरीज घराबाहेर पडेनासे झाले होते. सिंगापूरला लेकीकडे आलो, तरी खिडकीशीच बसून असत. "चाकाच्या खुर्चीसकट बसमध्ये कुठं चढू? लोकांचा उगाच खोळंबा," म्हणायचे.

परवा लेकीनं ऐकलंच नाही. ती आम्हाला थांब्यावर घेऊन गेली. बस आली, तसा पन्नाशीचा ड्रायव्हर आपली जागा सोडून खाली उतरला. त्यानं मधल्या दारातली फळी उलगडून फुटपाथवर टेकवली, खुर्ची आत नेऊन नीट लावली आणि इंग्रजीत विचारलं, "अंकल, कुठं उतरणार?" ह्यांनी बाजाराचं नाव सांगितलं. बस भरलेली होती, पण कुणी चुळबुळ केली नाही.

एवढंसं बेट, माणसांनी गच्च भरलेलं. इथं जमिनीखालून गाड्या धावतात, पुलांवरून धावतात, बस तर गल्लीच्या तोंडाशी येते. आल्यापासून मी त्या पसाऱ्याचं कौतुक करत होते. त्याची खरी थोरवी मात्र त्या फळीपाशी कळली. एका माणसासाठी अख्खी बस थांबली, आणि आपण उपकार करतोय असं कुणाच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेले, तर हे शर्ट घालून तयार. एका हातानं लावलेली बटणं वरखाली झाली होती.

"समुद्राकडे कुठली बस जाते, विचार गं तिला," म्हणाले.