मास्तरीणबाईंचा सीझरचा वर्ग

प्रसूती रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, धुतलेल्या चादरींच्या खोलीला लागून, एक लांबट खोली होती. तिथे दर आठवड्याला मास्तरीणबाईंचा वर्ग भरायचा. बाई काही मास्तरीण नव्हत्या हो, चांगल्या मुरलेल्या नर्स होत्या. सगळी हयात ऑपरेशन थिएटरात उभं राहून काढली, मग गुडघ्यांनी दगा दिला. तेव्हा वरच्यांनी बसून करायचं काम म्हणून हे त्यांच्या गळ्यात घातलं. ज्या बायकांचं सीझर आधीच ठरलंय त्यांना काय काय होणार ते समजावून सांगायचं. बाकीच्या नर्सा फिदीफिदी हसल्या. "पोट फाडून घ्यायला शिकायचंय काय त्यात? टेबलावर आडवं व्हायचं, झालं!" ते ऐकून बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आणि मग त्यांनी तो वर्ग असा जमवला की विचारू नका. कमरेत इंजेक्शन घेताना पाठ कशी वाकवायची, लघवीची नळी कशाला घालतात, नंतर खोकला आला तर टाक्यांवर उशी कशी दाबून धरायची, कुशीवर वळून कसं उठायचं, सगळं स्वतः पलंगावर आडव्या होऊन दाखवायच्या. "आणि नवरा घेरी येऊन पडला तर पडू दे त्याला तिथंच," असं ठासून सांगायच्या. "त्या दिवशी डॉक्टर तुझे आहेत, त्याचे नाहीत!" बायका पोट धरून हसायच्या.

पण बाईंचा जीव ज्या धड्यात होता तो वेगळाच. टेबलावर ओरडणाऱ्या बाईला थिएटरात काय काय बोलतात ते त्यांनी जन्मभर ऐकलं होतं. "गप्प पड गं, काय नाटकं लावलीस!" अशी भाषा. मेल्यांना लाज नाही, शरम नाही. जखम भरून येते, पण ते बोलणं बाई विसरत नाही. आपल्या बायकांना कुणी असं तोडून बोलू नये, म्हणून त्या शिकवायच्या, "कमरेखाली सगळं बधिर होतं. आत हात घालतात तेव्हा ओढल्यासारखं वाटतं, पण दुखत नाही. घाबरून आरडाओरडा करायचा नाही. कुणी विचारलं तर म्हणायचं, ओढतंय, आणि लांब श्वास घ्यायचा." सरावाला त्या एकेकीच्या दंडाला सणसणीत चिमटा काढायच्या. जी आवाज न काढता श्वास सोडेल तिला टाळ्या.

त्यांच्या सुनेला पहिल्या खेपेला कळा देऊन देऊन शेवटी घाईघाईनं आत नेलं होतं. मुलगी सुखरूप झाली, पण ही ओरडली म्हणून सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली आणि पार हबकली. दवाखान्याचं नाव काढलं तरी उठून आत निघून जायची. आता दुसऱ्यांदा दिवस गेले आणि डॉक्टरांनी सीझरची तारीखच ठरवून दिली, तेव्हा ती सासूच्या गळ्यात पडून रडली. "आई, तसं परत झालं तर मी वेडी होईन हो."

"माझ्या वर्गात येऊन बस," बाई म्हणाल्या. "मी आहे ना? केसालाही धक्का लागू देणार नाही."

सून आली. सगळ्यांच्या पुढे बसली. चिमट्याला पहिल्यांदा किंचाळली, मग शिकली. शेवटी शेवटी तर तिलाच सगळ्यात जास्त टाळ्या पडायच्या, आणि घरी येऊन ती नवऱ्याला चिमटा काढायला सांगून दाखवायची.

ऑपरेशनच्या दिवशी बाई बाहेर बाकावर बसून होत्या. घरचं माणूस टेबलावर असलं की आत जायला मनाई, मग नर्स असो की कुणी. मुलगा झाला. थिएटरातली सिस्टर मास्क खाली ओढत बाहेर आली आणि म्हणाली, "काय सून आहे हो तुमची! हूं नाही की चूं नाही. तुमच्या वर्गाची कमाल आहे." बाईंना आभाळ ठेंगणं झालं. भेटेल त्याला सांगत सुटल्या.

घरी आल्यावर सून बोलेनाशी झाली. बाळाला पाजायची, पुसायची, पण त्याच्याकडे बघायची नाही. दमली असेल, म्हणाले सगळे. एका दुपारी बाई बाळाची दुपटी घडी करत होत्या, तेव्हा ती भिंतीकडे बघत म्हणाली, "आई, मला डाव्या बाजूला सगळं कळत होतं."

"कळत होतं म्हणजे?"

"कापताना. कुठून कुठपर्यंत कापलं ते आत्ता बोटानं दाखवू शकते."

बाईंच्या हातातलं दुपटं तसंच राहिलं. इंजेक्शन एखादीला एकाच बाजूला चढतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं! आणि वर्गात, बायका घाबरतील म्हणून, एका शब्दानं सांगितलेलं नव्हतं. "अगं पोरी, मग बोलली का नाहीस?"

"भुलीच्या डॉक्टरांनी विचारलं की, काही जाणवतंय का. मी म्हटलं, ओढतंय. ते म्हणाले, तेवढं होतंच. मला वाटलं, यालाच ओढणं म्हणत असतील. दुखत नाही असं तुम्ही सांगितलं होतंत, म्हणजे मीच भित्री." मग तिनं सासूकडे मान वळवली. "पण ओरडले नाही हं मी. तेवढं तरी नीट केलं ना?"

बाई तोंडात पदर कोंबून रडल्या. काय उपयोग?

पुढच्या वर्गात त्यांनी सुनेची हकीगत सांगितली आणि धडाच बदलला. चिमटा बंद. "दुखलं तर ओरडायचं," त्या टेबलावर हात आपटून म्हणाल्या. "ओढतंय म्हणायचं नाही. दुखतंय, थांबा, असं बोंबलून सांगायचं. कुणाच्या बापाला भ्यायचं नाही!" भुलीच्या डॉक्टरांनाही जाऊन भेटल्या. ते शांतपणे म्हणाले, "सिस्टर, उगाच बायकांना घाबरवू नका. अशानं आमचं काम वाढतं."

त्या वर्गातली एक शिंपीणबाई खरंच ओरडली. दुखतंय, थांबा म्हणाली. थिएटरातले तिला म्हणाले, सगळ्यांना तसंच वाटतं, आणि हात धरून झोपेचं औषध दिलं. जाग आली तेव्हा बाळ कधी झालं, कधी नेलं, काहीच आठवेना. टाके काढायला आली तेव्हा ती मुद्दाम वर्गाच्या दारात उभी राहिली, झालेलं सगळ्यांसमोर सांगितलं आणि म्हणाली, "बाई, मी तुमचं ऐकलं बरं का."

ती निघून गेली. मग कोपऱ्यातली एक शाळेतली शिक्षिका, आठवडाभर कपड्यांची पिशवी भरून बसलेली, हळूच म्हणाली, "म्हणजे गप्प राहिलं तरी तेच, आणि ओरडलं तरी तेच. मग आम्ही काय करायचं?"



"मला माहीत नाही गं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

शिक्षिकेनं मान हलवली आणि ती पोटावर हात ठेवून बसून राहिली. तिचं सीझर दुसऱ्या दिवशी सकाळी होतं.