बावांनी न सांडलेलं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे — अर्धं सांगितलंय, पुन्हा पुन्हा सांगितलंय, आणि तीच तर खरी पंचाईत आहे.

आमच्याकडे ईद असो, कुणाचं लग्न असो, जेवणं उरकली की मुलगा म्हणतो, "डॅडी, टेल द कॅरव्हॅन वन!" मग मी सुरू होतो. साठच्या दशकातली गोष्ट. मी दुबईत रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीत स्टोअरकीपर. फॅमिली आणायची परवानगी मिळाली, पण क्वार्टर नव्हतं. एक गोरा इंजिनियर मायदेशी परतताना आपलं चाकांवरचं घर, ती कॅरव्हॅन, मागे सोडून गेला होता. साहेबांनी ती मला दिली. आज अल कुसैसच्या इमारती आहेत तिथे तेव्हा नुसती वाळू होती, त्या वाळूत आमचा संसार उभा. पहिल्या दिवशी जुबैदाला, माझ्या बायकोला, ऐटीत आत नेलं, थेट मागच्या खिडकीपाशी. मागे ट्रंक उचलून दोन पठाण हमाल. त्या गाडीला मागून टेकू लावायचे असतात, हे मला कुठे माहीत? सगळ्यांचं वजन मागे गेलं आणि घराने पुढचे पाय वर केले! किटली, ट्रंक, पठाण — सगळे माझ्या अंगावर.

लोक पोट धरून हसतात. त्याच हशात मी दुसरा किस्सा जोडून देतो, सासऱ्यांनी टाकी रिकामी केली तो. तोही चालतो.

तो खोटा आहे.

तुम्हाला वाटेल, चाकांचं घर म्हणजे मौज. पत्र्याच्या डब्यात जून महिना काढून बघा. दुपारी भिंतीला हात लावायची सोय नाही. पिठात वाळू, दुधात वाळू. वारा सुटला की दार हातातून निसटायचं. संडासाची टाकी मी स्वतः ओढत लांब नेऊन ओतायचो, तेव्हा मला स्टोअरकीपरसाहेब म्हणणारे लोक नेमके दुसरीकडे बघायचे. आणि पाणी! गाडीच्या पोटाखाली एक टाकी, ती टँकर आला की भरायची. आंघोळ एका तांब्यात, हा नियम कुणी केला? मी. सगळ्यांना बजावलं कुणी? मीच.

आमचं बाळ जन्मलं आणि बावा आले. जुबैदाचे वडील, मीही त्यांना बावाच म्हणायचो. रत्नागिरीकडे त्यांचा जन्म गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, म्हणून गेला. घरी एकटेच उरले होते, म्हणून ओळखीच्या लाँचवरून आले. दारात उभे राहून त्यांनी सगळं न्याहाळलं आणि म्हणाले, "काय रे जावया, होडी नांगरलीयस की भट्टीत ठेवलीयस?"

गलबतावर पाण्याचं पिंप त्यांच्या ताब्यात असायचं. इथेही त्यांनी न विचारता टाकी ताब्यात घेतली. नमाजाआधीचा वुजू कसला करायचे — ओंजळभर पाण्यात हात, तोंड, पाय, आणि वर थोडं उरायचं. नळ बंद केला की त्यावर बोट ठेवून बघायचे, थेंब येतो का.

तो शुक्रवार. दुपारची नमाज झाली, जेवणं झाली, आत सगळे आडवे झाले होते. आणि मी — कसं सांगू — मी गाडीखाली सरपटत गेलो. टाकीच्या बुडाला पाणी सोडून द्यायचा कॉक असतो. तो डोक्यावर उघडला. पाणी थंड नव्हतंच, चहा टाकावा इतकं गरम, पण ते पाणी होतं हो! मी तिथे म्हशीसारखा लोळलो. वर बाळ रडलं, जुबैदाची पावलं वाजली. पकडला जाईन या भीतीने मी कॉक घाईत फिरवला आणि बाहेर सटकलो.

पुरता फिरवला का? नाही.

असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाच्या वेळी नळातून नुसती हवा आली. मी म्हणालो, "थांबा, टाकी बघतो." पुन्हा खाली गेलो. कॉक अर्धा उघडा. तो मी गच्च बंद केला, ओल्या जागेवर पायाने कोरडी वाळू ढकलली, आणि बाहेर येऊन म्हणालो — काय म्हणालो? काहीच खोटं नाही. फक्त विचारलं, "नळाला शेवटी हात कुणी लावला होता? बावा, तुम्ही वुजू केला ना?"

बावांनी आपल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "असेल. माझ्याकडूनच राहिला असेल."

भांडले असते, ओरडले असते, तर मी कदाचित कबूल झालो असतो. कदाचित. नसतोही.

टँकर यायला वेळ होता. शेजारच्या लेबर कॅम्पातून विहिरीचं मचूळ पाणी डब्यांनी आणलं. बाळाचं पोट बिघडलं, डोळे खोल गेले. जुबैदा वडिलांशी बोलेनाशी झाली. तेव्हा तरी बोलायचं होतं मी! उलट आता तर जास्तच भीती — बाळाचं खापर माझ्यावर फुटेल ही. बाळ सावरलं. तेच आज मला "टेल द कॅरव्हॅन वन" म्हणतं.

टाकी भरली, पण बावा नळाजवळ गेले नाहीत. पाणी नसेल तेव्हा माणूस तयम्मुम करतो, स्वच्छ मातीवर तळवे टेकवून ते तोंडावर, हातांवर फिरवतो. बावा पायरीपाशी बसून तेच करू लागले. जुबैदा म्हणाली, "बावा, पाणी आहे. पाणी असताना हे चालत नाही, तुम्हीच शिकवलंत ना?"

"आहे, पण माझ्या हातात द्यायचं नाही," ते म्हणाले.

मी दारात उभा होतो. एका वाक्याचं काम होतं.

पुढच्या लाँचने ते परत गेले. म्हणाले, लेकरू आहे घरात, माझा आता भरवसा नाही. गावी पुतण्या त्यांना नव्या लाँचवर वाट दाखवायला बोलवत होता, त्यालाही नाही म्हणाले. ज्या माणसाला अंधारात खाडीचं तोंड सापडायचं, तो चुलीतला विस्तव विझलाय का हे शेजाऱ्याला विचारू लागला. दोन-तीन पावसाळ्यांनी गेले. आणि मी इथे किस्सा रंगवत राहिलो, त्यांच्या आवाजाची नक्कल करून: "असेल, माझ्याकडूनच राहिला असेल!" नक्कल मला छान जमते.

आज सकाळी इथवर लिहिलं आणि जुबैदाला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. ऐकून झालं तरी निवडतच राहिली. जुडी संपल्यावर म्हणाली, "गावी गेले की त्यांचं डोकं ठिकाणावर आहे ना हे बघायला मी दर वेळी त्यांना विचारायची, बावा, मी कोण, सांगा बघू? लहान पोराला विचारतात तसं, चारचौघांत. आणि ते दर वेळी माझं नाव नीट सांगायचे."