सुकरामचा घाम

सुकराम माझा शेजारी. केशोरीच्या बाजूला आमचं लहानसं गाव आहे आणि तो तलावाचा पाणकर, म्हणजे कोणाच्या धानाच्या बांधीत केव्हा पाणी सोडायचं ते पाहणारा माणूस. त्याचा बापही पाणकरच होता. धान निसवायला लागला की तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, सभा बसते आणि पाणकर ठरतो. मग तो पाण्यात उतरून तुडुमाचं, म्हणजे पाळीतल्या पाणी सोडायच्या भोकाचं, लाकडी बूच काढतो आणि पाटाला पाणी लागतं. इतकी वर्षं सुकरामशिवाय दुसरं नाव निघालं नाही. यंदा निघालं.

त्याला कारण घाम.

आधी त्याचा हात कापू लागला, मग पावलं बारीक पडू लागली. मागच्या हिवाळ्यात एकदा सकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. मी स्वेटर घालून होतो आणि सुकरामचा सदरा पाठीला चिकटलेला. कपाळावरून धारा लागलेल्या.

आमच्या भागात हिवताप नवा नाही. थंडी वाजते, माणूस कापतो, मग दरदरून घाम सुटतो आणि ताप उतरतो. त्यामुळे सुकरामला घाम आला की त्याच्या बायकोला, चंद्रकांता वहिनींना, हायसं वाटे. कपाळाला हात लावून त्या म्हणत, "उतरला बाप्पा!" मलाही ते पटायचं. पण रक्त तपासलं की काही निघत नसे.

यंदा पाणकर म्हणून ज्याचं नाव निघालं, त्या गावातल्याच हेमेंद्रने तेव्हा वेगळंच काढलं. चौकात सगळ्यांसमोर तो म्हणाला, "काकाजी, सकाळी सकाळीच मारून आले का? हात कापून राहिला, घाम सुटून राहिला."

"मी नाई पेलो," सुकराम म्हणाला.

"मंग थंडीत घाम कायचा येते?"

सुकराम बाहीने कपाळ पुसत घराकडे वळला. आता तो आवाजही हळू काढतो, त्यामुळे लोकांना अजूनच शंका येते.

शेवटी गोंदियाच्या डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या आणि हात बराच थांबला. आम्ही खूश होतो. पण पावसाळा सरता सरता पुन्हा सगळं वाढलं. दिवसात तीनदा सदरा बदलावा लागे. औषध चालू असताना रोग वाढतो कसा, हे मला काही समजेना. सभेच्या आदल्या आठवड्यात अर्जुनीहून गाडी धरून आम्ही तिघं पुन्हा गोंदियाला गेलो.

डॉक्टर हिंदीत बोलत होते. "पसीना आने पर आप क्या करती हैं, अम्मा?"

"का करू जी? घाम आला म्हणजे ताप उतरला. मंग त्या टायमाची गोळी नाई देत. कायले द्याची?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग समजावून म्हणाले, ये मलेरिया नहीं है. या रोगात घामाचा ताबा सुटतो, आणि गोळीचा असर ओसरला की बरेचदा घाम जास्त येतो. म्हणजे गोळी हवी असे, नेमकी तेव्हाच ती चुकत होती. वेळेवर दिली तर घाम कमी होईल, अगदी जाईलच असं नाही, असंही ते म्हणाले.

परतीच्या गाडीत वहिनी खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "मंग मीच यायले बिमार करून राहिली होती का, भाऊजी?"

सुकरामच म्हणाला, "तुले का मालूम होतं वं!"

सभेत मी उभा राहून डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. मला चार माणसांत बोलता येत नाही. मध्येच विसरलो.

"घामाचा बी रोग रायते का गा?" कोणीतरी विचारलं. लोक हसले.

सुकराम उठला आणि हळूहळू हेमेंद्रजवळ गेला. "घे, तोंडाचा वास घे."

हेमेंद्र गडबडला. "राहू द्या ना, काकाजी."

"घे म्हणतो ना!"

त्याने वास घेतला आणि मान हलवली. नाही. तरी तो म्हणाला, "पण पाण्यात पडले बिडले त बला आमच्यावर येईल. मी संगं उतरतो."

सुकरामला ते आवडलं नाही. दोघं पाण्यात उतरले. बूच हलेना. सुकरामने कुठे दाबायचं ते दाखवलं, हेमेंद्रने जोर लावला आणि पाटात पाणी धावलं. मग यंदाचा पाणकर कोण ठरला, हे कोणी मोठ्याने म्हटलं नाही. मी विचारणार होतो, पण राहून गेलं.

सुकराम वर आला तो नखशिखांत ओला. पाणी किती आणि घाम किती, कसं कळणार? वहिनींचा हात सवयीने त्याच्या कपाळाकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. त्यांनी पदराची गाठ सोडून गोळी काढली.

"टाइम झाला का जी, भाऊजी?" त्यांनी मला विचारलं.

मी घड्याळ पाहिलं. झाला होता.