कामाला नेसायच्या तीन साड्या

ही वही कुणाच्या हाती लागली तर आधीच माफी मागते. माझं अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून चालून गेल्यासारखं. ऱ्हस्व-दीर्घ समजायच्या आत चौथीत शाळा सुटली. चुका दिसतील त्या मनातल्या मनात दुरुस्त करून वाचाव्या. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, म्हणून लिहिते.

मी नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत बी निवडते. भेंडीचं, काकडीचं बी सुपात घ्यायचं आणि फुटकं, काळं, पोचट वेचून बाजूला टाकायचं. जेवढे किलो निवडले तेवढे पैसे. धूळ फार उडते, म्हणून आम्ही सगळ्या बाया साडीवरून नवऱ्याचा जुना शर्ट घालतो. माझा शर्ट राखाडी होता, कॉलर विरलेली. आतल्या साड्याही धुऊन धुऊन त्याच रंगाच्या झालेल्या. पण गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या की मला बरं वाटायचं. आपण आत आहोत, कुणाला दिसत नाही, असं.

शेडच्या पलीकडे एक खोली आहे. तिथे बियाण्याची उगवण मोजतात. शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवतात आणि ठरलेल्या दिवशी कागद उलगडून किती चांगले उगवले ते सांगायचं. वाकडे कोंब, मुळी नसलेले कोंब धरायचे नाहीत. तिथली मुलगी रजेवर असली की साहेब मला बोलवायचे. माझी मोजणी एकदाही चुकली नाही. मग त्या मुलीचं लग्न ठरलं आणि जागा रिकामी होणार असं कळलं. महिन्याचा पगार, पंखा, बसायला खुर्ची. ती जागा मला पाहिजे होती. इतका जीव लावून मी दुसरं काही मागितल्याचं आठवत नाही, आणि हेही मनातच मागत होते.

साहेब एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, “आत बाहेरची माणसं येतात. जरा नीटनेटकी बाई पाहिजे तिथं.”

मी माझ्या शर्टाकडे पाहिलं.

आमच्या गल्लीत एक काकू घरूनच साड्या विकतात, हप्त्याने. त्यांच्या बाजेवर मी पहिल्यांदाच जाऊन बसले.

“तू आन् साडी?” त्या म्हणाल्या. “कोनाचं लगीन?”

“कामाला नेसायच्यात.”

“मंग घे ना माय. बाई टापटीप असली तं लोक तिचं आयकतात. पैशाचं पाहू सावकाश.”

मी तीन घेतल्या. एक मोरपंखी, एक जांभळी, एक आंब्याच्या रंगाची, तिन्हींना बारीक काठ. ब्लाउज शिवून घेतले, अस्तर लावून. काकूंनीच सगळं दिलं. मिळून छत्तीसशे झाले, महिन्याला तीनशे द्यायचे ठरले. आमच्या घरचे स्टेशनवर ऑटो चालवतात. ते सकाळी मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाले, “बी निवडायला चालली का बी पेरायला?” आणि स्वतःच हसले.

शर्ट मी घरी खुंटीला ठेवला. शेडमध्ये शिरले तर सगळ्यांची सुपं थांबली. माझ्याच ताडपत्रीवर बसणारी एक जण आहे, माझ्याहून लहान, मला वहिनी म्हणते. ती म्हणाली, “वहिनी, पिक्चरला चालल्या काय? आमचं बी तिकीट काढा बराबर.”

“गप बस,” मी म्हणाले. तेवढंही मी एरवी म्हणाले नसते.

हे खोटं नाही की त्या साड्यांनी माझ्यात फरक पडला. मी पाठ सरळ ठेवून चालू लागले. पाण्याच्या टाकीवर कुणी मध्ये घुसलं तर “माझा नंबर आहे” म्हणू लागले. आणि एक दिवस, जांभळी नेसलेली असताना, साहेबांच्या दारात जाऊन उभी राहिले.

“साहेब, आतल्या कामाला मला घ्या. मला मोजता येतं.”

साहेबांनी मान वर केली. “बघू ना, ताई. आता कशा छान दिसायला लागल्या तुम्ही.”

मी ते होकार समजले.

लग्न ठरलेली मुलगी गेली, त्यानंतर लगेच कंपनीत कार्यक्रम होता. बाहेरगावचे शेतकरी, बियाण्याचे दुकानदार आणि मोठे साहेब येणार होते. पाहुण्यांसमोर कागद उलगडून उगवण दाखवायची होती. मी मोरपंखी नेसले. साहेब मलाच मोजायला सांगणार, हे मी धरूनच चालले होते.

साहेब घाईने आले. “ताई, इकडं या जल्दी. सत्काराचं ताट धरायला नीट कपड्यातली बाई पाहिजे.”

“आन् मोजायचं?”

“ते कोणीही करील.”

मग त्यांनी माझ्या ताडपत्रीवरच्या तिला हाक मारली. ती होती तशीच शर्टात उठली आणि बाह्या वर सारत आत गेली. मी शाल-नारळांचं ताट घेऊन उभी राहिले. एकेकाचं नाव पुकारायचे, शाल उचलायचे, नारळ उचलायचे, फोटो काढायचे. ताटात परत नारळ भरायचे. हात भरून आले. खोलीचं दार उघडं होतं आणि मला आतलं सगळं दिसत होतं. मोठे साहेब कागदावर वाकले आणि त्यांनी विचारलं, “किती?”

“ब्याण्णव,” ती म्हणाली.

त्यात वाकडे कोंब धरलेले होते. मला ते तिथूनसुद्धा दिसत होते. मी नव्वदच्या आतच सांगितले असते. पण मोठे साहेब खूश झाले आणि त्यांनी तिचं नाव विचारलं.

सोमवारपासून ती आत बसू लागली. पहिल्या दिवशी माझ्यापाशी येऊन म्हणाली, “वहिनी, म्या काही मागितलं न्हाई. माझ्यावर राग धरू नका.” मी म्हणाले, नाही धरला. ते खरं नव्हतं. पण तिची चूक नव्हती हेही खरं.

कार्यक्रमाचा फोटो ऑफिसात लावला आहे. त्यात ताट आलं आहे, माझे दोन हात आले आहेत, मोरपंखी पदराचा काठ आला आहे. मी आलेले नाही.

त्यानंतर कुणीही पाहुणा आला की मला हाक. “त्या साडीवाल्या ताईंना बोलवा.” ताट धरा, चहा फिरवा, दारात गुलाबपाणी शिंपडा. तेवढा वेळ माझं सूप तसंच पडून. दिवसाचे किलो भरेनात. तीनशेच्या हप्त्याला कधी दीडशे, कधी काहीच नाही. एकदा धीर करून साहेबांना म्हणाले की ताट धरते त्या वेळेचे पैसे द्या.

ते हसले. “त्याला काय मेहनत लागते, ताई? उभंच तर राहायचं.”

मी परत आले आणि बसले. आंब्याच्या रंगाची नेसले होते. ती नेसून मागितलं म्हणून जास्त दिलं असं काही झालं नाही.

पुढच्या कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी खुंटीवरचा राखाडी शर्ट काढला आणि गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या. साहेब शेडमध्ये आले. माझ्यापाशी थांबले, शर्टाकडे पाहिलं आणि पुढे गेले. एका नव्या मुलीने कोरी साडी नेसली होती, तिला घेऊन गेले. तिला आधी सांगायला पाहिजे होतं. मी सांगितलं नाही. सुपातून मान वर काढली नाही.

तेव्हापासून माझे किलो पूर्ण भरू लागले आणि हप्तेही. वर्षाचं देणं दीड वर्षाने संपलं. शेवटचे तीनशे घेऊन कामावरून तशीच शर्टात गेले तेव्हा काकू नवा माल उलगडून बसल्या होत्या.

“नवे रंग आलेत, बघ तं खरं. हात लावायचे पैसे न्हाई घेत.”

“न्हाई काकू. आधी हे मोजा.”

त्यांनी नोटा मोजल्या, वहीत माझं पान काढलं आणि त्यावर आडवी रेघ ओढली. त्यांची रेघ शेवटपर्यंत ओढून होईस्तोवर मी उभी राहिले. मग शर्टाच्या बाह्या खाली केल्या आणि घरी आले. छत्तीसशे पूर्ण फिटले.